वूरमची शीव

२१ एप्रिल, शुक्रवार

वूर्म सापडलं. शोधत होते तेव्हा नाही सापडलं, बेकन-पाव खात होते तेव्हा सापडलं.

जत्रेचा तळ आठवडाभर या बाजाराच्या गावात आहे. माझ्याकडे चक्रातल्या लाकडी घोड्यांना रंग द्यायचं काम होतं. (एका घोड्याला मी चष्मा काढला, त्यावरून मालक बोलला. पण तो विषय वेगळा.) दुपारी चहाच्या दुकानात पलीकडच्या टेबलावर दोन बायका बसल्या होत्या. एकीचा हातमोजा हरवलेला. ती पिशवी उलटी करतेय, खिसे उलटे करतेय. दुसरी ढिम्म. म्हणाली, "गेला असेल वूरमला."

माझा घास तोंडातच राहिला. उठून त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, हे वूरम म्हणजे काय. दोघी हसल्या. इकडे काही हरवलं की असंच म्हणतात म्हणे. किल्ल्या वूरमला जातात, छत्र्या जातात. एकीचा नवराही गेला होता, तो मात्र दुर्दैवाने परत आला. पण खरंच असं गाव आहे का, म्हटलं. आहे की, समुद्राच्या काठावर, दरवर्षी थोडंथोडं पाण्यात पडतं, म्हणून तर म्हणतात. आणि तिने खिडकीतून बसथांब्याकडे बोट दाखवलं. फलकावर सगळ्यात खालचं नाव, वुल्फरिंगहॅम. एवढं लांबलचक. आठवडाभर मी त्याच फलकाखाली बसून सिगारेट वळत होते.

आई दोन वर्षं झाली चहाच्या डब्यात आहे. हिरवा पत्र्याचा डबा, आत तिची राख, माझ्या पिशवीत, मोज्यांच्या मधोमध, म्हणजे झाकण वाजत नाही. शेवटी इस्पितळात ती म्हणाली होती, "मला वूर्मला ने." मी हो म्हटलं. अशा वेळी हो म्हणतातच. मग नकाशे बघितले, फोनवर शोधलं, दिसेल त्या ट्रकवाल्याला विचारलं. आई लहानपणाबद्दल एवढंच सांगायची की समुद्र फार जवळ होता. या देशात समुद्र सगळ्यांनाच जवळ आहे.

जत्रा सोमवारी उत्तरेकडे निघते. मी उद्या सकाळची बस धरणार. मालकाला सांगायचं धाडस अजून झालं नाही.

२२ एप्रिल

रस्ता सरळ समुद्राकडे जातो आणि मग जात नाही. असं गाव आहे. डांबर, पांढरी रेघ, कुंपण, आणि कुंपणापलीकडे हवा. खाली वाकून बघितलं तर पिवळ्या मातीचा कडा आणि पायथ्याला कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या फरशा. लाटा येऊन त्या धूत होत्या. घर गेलं तरी न्हाणीघर स्वच्छ. ते बघत बसले आणि राहायची सोय बघायची राहूनच गेली.

शेवटी एका खिडकीत 'खोली मिळेल' दिसलं. घर हेस्टर गेझ यांचं. साठीच्या असतील, विधवा, उंच, ओठ घट्ट मिटलेले. चर्चची व्यवस्था त्याच बघतात, कारण चार गावांत मिळून पाद्री एकच. किटलीत पाणी भरताभरता त्यांनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, थोडेच, मला वूर्मला यायचंच होतं.

किटली वाहायला लागली. त्यांचं लक्षच नव्हतं. मग नळ बंद करून म्हणाल्या, "असं म्हणायला कुणी शिकवलं?"

"आईने."

"नाव काय तिचं?"

"केझाया. केझाया लार्टर. गेली ती, दोन वर्षांपूर्वी."

त्यावर त्या म्हणाल्या की खोली वर आहे, जिन्यावर बूट घालून चढायचं नाही, आणि वाळलेले कपडे काढायला मागच्या दाराने बाहेर गेल्या. मी वरच्या खिडकीतून बघितलं. दोरीवर काहीच नव्हतं. त्या दोरी धरून उभ्या होत्या.

इथे सगळे वूरम म्हणतात, दोन ठोक्यांत. मी आईसारखं एका ठोक्यात म्हणते, वूर्म, शेवटी ओठ मिटून टाकायचे. बाईंना माझं बोलणं गावंढळ वाटलं असणार.

संध्याकाळी जेवायला रश्श्यातले पिठाचे गोळे, मटणाच्या आधी. आमच्याकडेही आधीच असत, म्हणजे मटण कमी लागतं. आई त्यांना 'पोहणारे' म्हणायची. मी तसं म्हटलं तर मिसेस गेझनी न विचारता माझ्या ताटात आणखी एक घातला.

२३ एप्रिल

सकाळी त्यांनी विचारलं, कशाने गेली. म्हटलं, फुप्फुसं. त्या म्हणाल्या, "बोलायला लागली की मध्ये श्वास घ्यायची नाही."

मी विचारलं, म्हणजे तुम्ही ओळखायचात? तर म्हणाल्या, गाव लहान होतं. आणि पितळी मेणबत्तीदाण्या घासायला घेतल्या. इतक्या जोरात घासत होत्या की मी बाहेर निघून आले. आईने कधी यांची खोडी काढली असेल का? काढलीही असेल. आई ती आईच.

२६ एप्रिल

मला नुसतं बसवत नाही. किनाऱ्यावर अमॉस थर्टल यांच्याकडे खेकड्यांच्या सापळ्यांना नवं जाळं बांधायचं काम मिळालंय. पंचाहत्तरीचे आहेत, एकटेच होडी चालवतात. माझ्या गाठी बघून म्हणाले की खेकडे यात येतील, पण फक्त हसायला. सगळं सोडून पुन्हा बांधायला लावलं. दुपारी म्हणाले, आता निदान खेकडा विचार तरी करेल.

मी वूर्म म्हटलं तसे तेही थबकले. मग नावाचं सगळं त्यांनीच सांगितलं.

"वुल्फरिंगहॅम म्हणतो तो परका, त्याला आम्ही रस्ता दाखवतो. वूरम म्हणतो तो गावचा. आणि वूर्म म्हणायची ती खालची आळी. पार वाऱ्याच्या तोंडावर राहायची माणसं, तोंड जास्त उघडायला परवडायचं नाही त्यांना."

"खालची आळी कुठे आहे?"

त्यांनी हनुवटीने पाण्याकडे दाखवलं.

पाणी साधंच होतं. राखाडी. त्यावर एक समुद्रपक्षी डुलत बसला होता, कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर. लार्टरांचं घर आळीच्या टोकाला होतं म्हणे, दारासमोरच गावशिवेचा दगड. आई सतरा वर्षांची असताना एका हिवाळ्यात घर गेलं. सरकारने त्यांना दूर शहरात घर दिलं. त्यानंतर त्यांच्यापैकी कुणी आलं नाही. यायला काही उरलं नव्हतं ना, मी म्हटलं. अमॉस म्हणाले, माणसं उरली होती. आणि इंजिनात डोकं घातलं.

मला नेहमी वाटायचं, ज्यांना घर असतं त्यांना तिथे जाता येतं. मला नाही, पण त्यांना येतं. आईला घर होतं आणि तरी येत नव्हतं, हे मला कधी कळलंच नाही. ती ट्रकमध्ये झोपताना डोकं नेहमी पूर्वेकडे, या किनाऱ्याकडे करायची. मी म्हणायचे, काय फरक पडतो.

२९ एप्रिल

इथल्या पबच्या पाटीवर एक मोठा लांडगा आहे, जीभ बाहेर. नाव लांडग्यांवरून पडलं अशी सगळ्यांची खात्री. आज निवृत्त शिक्षक क्लाइव ऑड्ली यांनी ते सगळं मोडून काढलं. म्हणाले, वुल्फहेर नावाचा कुणी माणूस होता, हजार-बाराशे वर्षांमागे. त्याच्या वंशाची, त्याच्या आसऱ्याची माणसं ती वुल्फरिंग. आणि हॅम म्हणजे घर, वस्ती. वुल्फहेरच्या माणसांचं घर, एवढाच अर्थ. लांडग्याचा काही संबंध नाही. पबवाला म्हणाला, मग पाटीवर त्याचं चित्र काढू का, कसा दिसायचा? कुणीतरी म्हणालं, अमॉससारखा, पण दात असलेला.

क्लाइव दहा वर्षांपूर्वी आले, अजून पूर्ण नावच उच्चारतात. मी कारण विचारलं. म्हणाले, वूरम म्हणून बघितलं एकदा, दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं वाटलं.

मजा अशी की ते घर वुल्फहेरचं नाही, त्याच्या माणसांचं आहे. तो गेला, घर त्यांच्याकडे राहिलं. आई त्या माणसांतली. मी कोण? बाप जत्रेत आला, जत्रेत गेला. माझा जन्म लीड्सच्या वाटेवर, ट्रकच्या मागच्या भागात, बदकं नेमबाजीत पाडतात त्या तंबूच्या कापडावर.

३० एप्रिल

चर्च कड्याच्या अगदी जवळ आलंय, म्हणून तिथल्या कबरी उचलून मागे नेतायत. मी आज ती नवी जागा बघितली. गावाच्या पाठीमागे, एक पाण्याचा चर ओलांडला की हिरवं शेत आहे. भोवती काटेरी झुडपांचं कुंपण, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. समुद्र तिथे ऐकूसुद्धा येत नाही. मी बराच वेळ आडवी पडून पाहिलं. जमीन हलत नाही, कुठे जात नाही.

आईला इथेच ठेवायचं. जन्मभर ती हलत राहिली आणि मी तिच्या पाठीमागून. आता एका जागी नीट ठेवीन, वर दगड लावीन, नाव घालीन.

मिसेस गेझना डबा दाखवला. त्यांनी हातात घेतला नाही, फक्त टेबलावरचं कापड बाजूला केलं, मी तो ठेवावा म्हणून. मग म्हणाल्या, नव्या जागेचा निर्णय बुधवारच्या बैठकीत होतो.

३ मे, बुधवार

नाही म्हणाल्या.

सगळे तयार होते. पाद्री म्हणाले काही अडचण दिसत नाही. क्लाइव म्हणाले, गावात जन्मलेली बाई आहे, हक्कच आहे. मग मिसेस गेझ उठल्या आणि म्हणाल्या, "ती जागा केझीसाठी नाही." बस. कारण नाही, काही नाही. त्या नाही म्हणाल्या की विषय संपतो, असं दिसतं. लोक लगेच छपराच्या गळतीवर बोलायला लागले.

आईला केझी म्हणाल्या. मी सोडून तसं कुणी म्हटलेलं ऐकलं नव्हतं. मीसुद्धा फक्त ती रागावली असली की लाडीगोडी लावायला म्हणायचे.

चाळीस वर्षांपूर्वी जी पोरगी गेली तिच्यावर इतका राग? काय केलं होतं तिने यांचं?

४ मे

पिशवी भरली. बसथांब्यावर गेले. तेवढ्यात अमॉस ट्रॅक्टरवरून जाताना दिसले, मागे ट्रॉलीत ओल्या फांद्यांचा ढीग. विचारलं कशाला, तर म्हणाले, पुढच्या-पुढच्या गुरुवारी शीव झोडायची, म्हणजे सगळ्या गावाने काठ्या घेऊन शिवेवरून चालायचं, वाळुंजाच्या काठ्या सोलायच्यात, तुझी बोटं रिकामी दिसतात. मी म्हटलं बस येईपर्यंत सोलते. ओल्या वाळुंजाची साल अशी एका ओढीत निघते, आतली काठी पांढरीशुभ्र, ओली, काकडीचा वास. बस गेली. मला कळलंसुद्धा नाही.

पण मग सुचलं. शीव झोडायच्या दिवशी सगळं गाव वाटेवर गुंतलेलं असणार, आणि वाट नव्या जागेशेजारूनच जाते. मागे रेंगाळायचं, चर ओलांडायचा, छोटा खड्डा, डबा आत, माती वर. कुणाच्या परवानगीची गरजच नाही. अमॉसच्या शेडमधून खुरपं घेतलंय. परत ठेवीन.

संध्याकाळी परत गेले तर मिसेस गेझनी दोघींचं पान मांडलेलं होतं. मी गेले होते हे त्यांना ठाऊक नसावं.

९ मे

काठ्या सोलून झाल्या. अमॉसकडून सगळा प्रकार समजून घेतला. वर्षातून एकदा, येशू स्वर्गात गेला त्या गुरुवारी, गाव आपल्या शिवेवरून चालतं. दर खुणेपाशी थांबायचं, काठ्यांनी झोडायचं, गावाचं नाव घ्यायचं. आणि गावातल्या सगळ्यात लहान पोराला उचलून खुणेच्या दगडावर आपटायचं, बसायच्या भागावर. का? तर लक्षात राहावं म्हणून. कागद जळतो, म्हातारे मरतात, पण ज्याला आपटलं तो साठ वर्षांनीही सांगतो, शीव इथेच होती, मला विचारा. आपटून झालं की बेदाण्याचा पाव मिळतो.

अमॉस म्हणाले, "तुझ्या आईला तिच्याच दारातल्या दगडावर आपटलं. तेव्हा मी तरणा होतो, पाय मी धरले होते. तिची मैत्रीण तिला सोडेना. शेवटी दोघींना एकदमच आपटलं. दोन पाव द्यावे लागले."

मैत्रीण कोण ते विचारणार होते, पण तेवढ्यात पाण्यात एक सील दिसला, अगदी जवळ, टक्कल पडलेल्या पाद्र्यासारखा, आणि ते राहून गेलं.

यंदा आपटायला कुणी नाही म्हणे. गावात पोरच नाही. पलीकडच्या गावातून मागवता येत नाही, त्याला काय आठवणार.

१३ मे

पाऊस. मिसेस गेझ माझा फाटका कोट शिवत होत्या, मी सांगितलं नसताना. म्हटलं राहू द्या, मी आठवड्यात जातेय. त्या म्हणाल्या, "जाणारे जातातच." आणि टाके घालत राहिल्या. फार बारीक टाके. मला जरा लाज वाटली, खुरपं माझ्या उशाखाली होतं.

मग कधी नाही ते त्यांनी विचारलं, ती कधी इथलं काही बोलायची का. मी म्हटलं फारसं नाही. मग आठवलं ते सांगितलं, की हरवलेल्या वस्तूला ती वूर्मला गेली म्हणायची, आणि पुढे म्हणायची, हेटीकडे असेल, हेटी जपून ठेवेल. मला वाटायचं ही कुणी गोष्टीतली म्हातारी असणार. मिसेस गेझनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, डोळे दुखतात, उरलेलं उद्या.

१७ मे

उद्या. आईला दोन वर्षं पिशवीत घेऊन फिरले, आता उद्या संध्याकाळी पिशवी हलकी असेल. हे इतके दिवस मनातच आलं नव्हतं. मोजे कशाभोवती गुंडाळू?

१८ मे, गुरुवार

नीट लिहायला पाहिजे. हात अजून ओले वाटतायत.

सकाळी चर्चपाशी जमलो. वीसेक माणसं, सगळे पिकलेले, हातात पांढऱ्या काठ्या. प्रत्येक खुणेपाशी पाद्री दोन ओळी म्हणत, मग आम्ही झोडायचो आणि सगळे एकदम म्हणायचे, वूरम. एका ओक झाडाला, एका मोडक्या फाटकाला, एका गोठ्याच्या कोपऱ्याला. गोठ्यातली गाय आमच्याकडे बघत राहिली. क्लाइव पूर्ण नाव घेत असत, त्यामुळे ते सगळ्यांच्या मागून संपायचे आणि दरवेळी हशा व्हायचा.

मग चर आला. चराच्या काठावर झोडलं, वूरम म्हटलं, आणि सगळे वळून चराच्या अलीकडूनच चालू लागले. मी बुटाची नाडी बांधायला बसले. ते पुढे गेले. पलीकडे ते हिरवं शेत, नव्या कबरींवरची ताजी माती, पांढरं कुंपण. पिशवीत डबा, खिशात खुरपं. एक पाय पलीकडे टाकला.

"पाय मागे घे, पोरी. तिकडे वूर्म नाही."

मिसेस गेझ. एकट्याच मागे राहिल्या होत्या. आणि वूर्म म्हणाल्या. एका ठोक्यात, ओठ मिटून. आईच्या आवाजासारखं नव्हतं ते, पण माझा पाय जिथल्या तिथे राहिला. एक इकडे, एक तिकडे, खाली पाणी.

मी म्हटलं की तुम्ही तिला जागा देत नाही म्हणून मला चोरून यावं लागतं. रागाने बोलले, काय काय बोलले आठवत नाही. त्या ऐकून घेत होत्या. मग काठीने चराकडे दाखवलं.

"इथे आपली शीव संपते. ते शेत शेजारच्या गावाचं आहे, त्यांनी उपकार म्हणून दिलं. माझ्या नवऱ्याला, रॉयला, मी तिकडे नेऊन निजवलं, कारण नाहीतर तो समुद्रात पडला असता. परक्या गावात निजवलाय मी त्याला. रोज जाते तेव्हा चर ओलांडते. केझीने काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"वूर्मला ने, म्हणाली होती."

"मग तिला तिथे का नेतेस?"

इतके दिवस मी तिच्यासाठी न हलणारी जमीन शोधत होते. तिने जमीन मागितलीच नव्हती.

मी पाय मागे घेतला. त्यांनी हात दिला. हात सोडला नाही, चालताना तसाच धरून ठेवला, काठीसारखा.

समुद्राकडची शीव होडीतून झोडतात. जमीन गेली म्हणून शीव आत ओढून घ्यायची नाही, ती होती तिथेच आहे, असं इथे सगळे मानतात. अमॉसच्या होडीत पाद्री, क्लाइव, मिसेस गेझ आणि मी. बाकीचे कड्यावर. अमॉस मागे बघत होडी चालवत होते, पुढे बघतच नव्हते. गावातल्या दोन गोष्टी एका ओळीत आल्या की एक रेघ मिळते, दुसऱ्या दोन आल्या की दुसरी. पाण्याची टाकी कोठाराच्या भिंतीमागे लपली. मग चर्चचा मनोरा हळूहळू सरकत पबच्या धुराड्यावर येऊन बसला. अमॉसनी इंजिन बंद केलं.

"लार्टरांचं दार," ते म्हणाले.

एकदम शांत. फक्त लाटा होडीला थापट्या मारत होत्या. आम्ही काठ्यांनी पाणी झोडलं. नाव घ्यायच्या वेळी मिसेस गेझ आणि मी वूर्म म्हटलं आणि बाकीच्यांनी वूरम, आणि त्यांचा शेवट आमच्या मिटलेल्या ओठांवरून पुढे गेला. क्लाइवसुद्धा वूरम म्हणाले. कुणी वळून बघितलं नाही.

झाकण घट्ट बसलं होतं. माझ्याने निघेना. मिसेस गेझनी माझ्या हातांवर हात ठेवून ते फिरवलं. मी वाकून डबा पाण्याला लावला आणि आई गेली. उडाली नाही, वाऱ्यावर वगैरे गेली नाही. थोडा वेळ पाण्यावर फिकट डाग राहिला आणि मग खाली उतरला, जिना उतरल्यासारखा.

मिसेस गेझ पाण्याकडे बघून म्हणाल्या, "उशीर केलास."

एवढंच. आवाज चांगला कडक होता. तोंड मात्र तिकडे केलेलं होतं. हेटी म्हणजे हेस्टर, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. होडीत, सगळं झाल्यावर. मी जगातली सगळ्यात मंद मुलगी असणार.

मला वाटलं आता परत फिरायचं. अमॉस जागचे हलले नाहीत. म्हणाले, सगळ्यात लहान कोण आहे इथे? क्लाइव म्हणाले, ते पंधरवड्यापूर्वी सत्तरीत गेले, त्यामुळे ते नव्हेत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, अहो मी बावीस वर्षांची आहे, वजन बघा. अमॉस म्हणाले की ते त्यांनी बघूनच होडी बाहेर काढलीय. मी म्हटलं, मी इथली नाही. तेव्हा मिसेस गेझ म्हणाल्या, "पुढे सांगायला कुणीतरी हवं ना, केझी कुठे आहे ते?"

अमॉसनी खांदे धरले, क्लाइवनी एक पाय, मिसेस गेझनी दुसरा. पाद्री होडी उलटू नये म्हणून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. आणि आपटलं. मधल्या फळीवर, चांगलं जोरात. परत उचललं आणि परत. मी ओरडले. कड्यावरून टाळ्या ऐकू आल्या. मग मिसेस गेझनी कोटाच्या खिशातून बेदाण्याचा पाव काढला, रुमालात गुंडाळलेला. म्हणजे त्यांनी सकाळीच ठेवला होता.

मी पाव खाताना रडत होते. फळी लाकडाची आहे, लागतं.

२० मे

बसवत नाही. पोटावर झोपून लिहितेय. आरशात बघितलं, निळं पडलंय, अगदी नकाशासारखं.

उद्याची बस. जत्रा आता डरमच्या आसपास असेल, मालक घेईल परत, ओरडून घेईल. उन्हाळा तिकडे, मग सफरचंदं तोडायला पश्चिमेला. पण पुढच्या वर्षी त्या गुरुवारी इथे असायला हवं, अमॉस म्हणाले, त्यांच्या गुडघ्यांचा भरवसा नाही. काल त्यांनी मला दोनदा समुद्रात नेऊन जागा शोधायला लावली. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा सापडली. मनोरा धुराड्यावर आला तेव्हा माझ्या बसायच्या भागात कळ आली, खोटं नाही सांगत. मी विचारलं, चर्च पडल्यावर काय करायचं, मनोराच जाईल. ते म्हणाले, तो पडायच्या आत दुसरी खूण शोध, आणखी मागची, ते काम आता तुझं.

खुरपं परत ठेवलं. त्यांना ठाऊक होतं.

पिशवी भरली. डबा धुऊन, पुसून मोज्यांच्या मध्ये ठेवला होता, रिकामा. सवयीने. मिसेस गेझ खोलीत आल्या आणि न विचारता तो पिशवीतून काढून खाली घेऊन गेल्या. जरा वेळाने मी खाली गेले. त्यांनी तो चुलीशेजारी उबेला वाळवला होता, आता त्यात चहा भरत होत्या. काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि फळीवर स्वतःच्या डब्याशेजारी ठेवला.

म्हटलं, तो माझा डबा आहे.

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. "आलीस की तुझ्यासाठी वेगळा चहा काढायला नको."

त्यांना काय म्हणून हाक मारावी कळेना. मिसेस गेझ म्हणवेना, हेटी म्हणण्याइतकी हिंमत नाही. शेवटी नुसतं हो म्हटलं.